सावळ्या नवरीचे फोटो दाखवा

माझी धाकटी बहीण सावळी आहे, पण स्टुडिओत काढलेल्या तिच्या प्रत्येक फोटोत ती गोरी आहे. कॉलेजच्या प्रवेशासाठी काढलेला पासपोर्ट साइझ फोटोसुद्धा कुणीतरी न विचारता उजळून दिलेला. तिचं लग्न ठरलं आणि फोटोग्राफर बघायचं काम थोरली म्हणून माझ्याकडे आलं, तेव्हा तिने मला एकच गोष्ट बजावली, "ताई, फोटोत मी मीच दिसले पाहिजे." पुढे पॅकेज, टीझर, ड्रोन, करिझ्मा अल्बम अशा शब्दांचा भडिमार सुरू झाला, पण कुणाला काय विचारायचं हे माझ्यापुरतं या वाक्यानेच ठरवून टाकलं होतं.

लग्न सांगलीला, फेब्रुवारीत. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि पंचांगातले मुहूर्त सगळ्यांना सारखेच असतात. ज्या तारखेला आपलं कार्य, त्याच तारखेला जिल्ह्यात कितीतरी कार्यालयं भरलेली. त्यामुळे हाताला चांगला असलेल्या माणसाच्या तारखा चातुर्मासातच जातात. आम्ही गणपती उठल्याबरोबर शोधायला लागलो, तरी काही जणांनी "त्या तारखेचा बयाणा घेतलाय ताई" म्हणून हात जोडले. कार्यालय ठरलं की आचाऱ्याच्याही आधी फोटोग्राफर धरावा, हे माझं आता पक्कं मत आहे. आचारी ऐनवेळी दुसरा मिळतो आणि जेवणही बरं होतं. फोटोग्राफरचं तसं नाही.

दर विचारायला लागले तेव्हा बाबा हबकलेच. हळद, सीमांतपूजन आणि लग्न या दोन दिवसांसाठी सांगली-मिरजेतले काही जण 55 हजार म्हणाले, कोल्हापूरचे एक लाखाच्या घरात आणि पुण्याहून येणारे पावणेदोन लाख, शिवाय प्रवास आणि राहायची सोय आपल्याकडे. नोंदणी असलेले स्टुडिओ त्यावर 18 टक्के जीएसटी लावतात, तो सुरुवातीच्या आकड्यात धरलेला नसतो, हेही विचारल्यावरच कळलं. मग मी प्रत्येकाकडून एकाच पद्धतीने लिहून घ्यायला सुरुवात केली: माणसं किती येणार, त्यातलं कोण काय करणार, कोणत्या विधीपासून कोणत्या विधीपर्यंत थांबणार आणि शेवटी आमच्या हातात काय पडणार. असं समोरासमोर मांडलं की बराच उलगडा होतो. एका स्वस्त पॅकेजमध्ये 'कॅन्डिड', म्हणजे नकळत घडणारे क्षण टिपायला धरलेला माणूस व्हिडिओही तोच करणार होता. एका महागड्यात अल्बमच नव्हता, त्याचे शीटमागे वेगळे पैसे. आणखी एका ठिकाणी पाठवणीपर्यंत थांबायचं तर 'ओव्हरटाइम' होता. आमच्याकडे पाठवणी व्हायला संध्याकाळ होतेच.

ट्रॅडिशनल, म्हणजे स्टेजवर उभं करून फोटो काढणारा फोटोग्राफर हवा की नको यावर घरात चांगलीच चर्चा झाली. बहिणीच्या मैत्रिणींचं म्हणणं, स्टेजवर ओळीने उभं राहून काढलेले फोटो कोण बघतं, सगळे पैसे कॅन्डिडला घाला. मला ते पटलं नाही. विट्याकडच्या खेड्यातून पहाटेची एसटी पकडून माझी मावसआजी येते, पाचशे रुपयांचं पाकीट नवरीच्या हातात ठेवते आणि दोघांच्या मध्ये उभी राहून कॅमेऱ्याकडे बघते. तिच्या दृष्टीने लग्नाला आल्याची खूण म्हणजे तो फोटो. तो सरळ, स्वच्छ, सगळ्यांचे डोळे उघडे असलेला यायला हवा आणि हे काम ज्याला कमीपणाचं वाटत नाही असा माणूस हवा. तेव्हा स्टेजसाठी एक ट्रॅडिशनल फोटोग्राफर ठेवायचाच, असं ठरलं.

आता मुख्य गोष्ट. इन्स्टाग्रामवर सगळेच फोटोग्राफर चांगले असतात. वर्षभरात केलेल्या लग्नांतले निवडक फोटो तिथे असतात आणि तेही बहुतेक वेळा सकाळच्या उन्हात, नवरी एकटी, मागे जुना वाडा. आमचं लग्न बंद हॉलमध्ये, भर दुपारी, जांभळ्या लाइटखाली होणार होतं. म्हणून मी प्रत्येकाला दोन गोष्टी मागितल्या. एक, कार्यालयात लागलेल्या कुठल्याही एका लग्नाचे ग्राहकाला दिलेले सगळेच्या सगळे फोटो बघू द्या, त्या घरच्यांची हरकत नसेल तर. दोन, सावळ्या नवरीचे फोटो दाखवा.

दुसऱ्या मागणीने बरेच जण गडबडले. एका स्टुडिओत मला अल्बम दाखवला आणि म्हणाले, ही मुलगी सावळीच होती, बघा कशी केलीय. खरंच तिचा चेहरा गोरा केलेला होता, गळाही, आणि मेंदी काढलेले हात मात्र मूळ रंगाचे राहिलेले. शेजारी बसलेली तिची आई आणि ती एकमेकींच्या कुणी लागत नव्हत्या. ते अभिमानाने दाखवत होते, त्यांच्याकडे येणारे लोक हेच मागत असणार. मी नमस्कार करून उठले.

पूर्ण लग्न बघण्याचा फायदा इतका आहे की याखेरीज फोटोग्राफर ठरवूच नये असं मला वाटतं. दीड-दोन हजार फोटो भराभर सरकवत गेलं की माणसाची सवय कळते. मी थेट मंगलाष्टकांवर जायचे. कारण तिथे परत संधी नसते. एका नावाजलेल्या माणसाकडे नवरीचे एकटीचे फोटो डोळ्यांत भरतील असे होते, पण अंतरपाट दूर होतानाच्या फोटोत व्हिडिओवाल्याची पाठ आणि वर उंचावलेले मोबाइल. नवरी-नवरदेवाने एकमेकांकडे पाहिलं तो क्षण कुठेच नाही. थेट हार घातलेले फोटो. दुसऱ्या एकाकडे मंगलाष्टकांचे फोटो छान, पण पंगतीचे नाहीत, वऱ्हाडातली म्हातारी माणसं नाहीत, मुलीचा बाप जवळपास नाहीच. एवढा राबणारा माणूस दोन हजार फोटोंत शोधावा लागला.

एका मोठ्या स्टुडिओत सगळं जुळत आलं होतं. शेवटी विचारलं, हे फोटो ज्यांनी काढले तेच येणार ना? उत्तर मिळालं, "आमची टीम येईल." टीममधलं कोण, हे त्या दिवशी किती कार्यक्रम आहेत त्यावर ठरणार होतं. सिझनला मोठे स्टुडिओ बाहेरचे फोटोग्राफर दिवसावर बोलावतात, या धंद्यात ते सर्रास चालतं आणि त्यातही हाताला उत्तम असलेली माणसं असतात. पण मग मला त्या माणसाचं काम बघायला हवं होतं. त्यांना ते सांगता येईना, म्हणून तो विषय संपला.

ज्यांना आम्ही धरलं ते सांगलीचेच, वय पस्तिशीचं, दुकान एका खोलीचं. त्यांनी लॅपटॉपवर एक लग्न उघडलं आणि उठून चहा सांगायला गेले. शेजारी बसून एकेक फोटो समजावून सांगत बसले नाहीत, ते मला आवडलं. त्या लग्नातली नवरी माझ्या बहिणीपेक्षा सावळी. हळदीच्या फोटोत तिच्या गालावर ऊन होतं आणि सावलीकडची बाजू तशीच गडद ठेवलेली, तरी डोळे स्पष्ट. दुपारच्या हॉलमध्येही तिचा रंग तोच आणि रात्री सासरी दाराशी माप ओलांडतानाही तोच. सकाळी एक, दुपारी दुसराच असा प्रकार नाही. ते परत आल्यावर मी विचारलं, हे कसं जमवता? ते म्हणाले, "ताई, कॅमेऱ्याला आपलंआपण ठरवू दिलं तर सावळ्या चेहऱ्यामागं पांढरी भिंत आली की चेहरा काळवंडतो. मग लोक नंतर कॉम्प्युटरवर चेहरा ओढून वर आणतात, तिथं राखाडी होतो. लाइट जागेवरच चेहऱ्याच्या हिशेबानं लावला तर नंतर काही करावंच लागत नाही."

मग त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. तुमच्यात लाजाहोम मुहूर्ताआधी उरकतात की नंतर? नवरीला बोहल्यावर मामाच आणणार ना, मामा किती? कानपिळीला सख्खा भाऊ आहे की चुलत? अंतरपाट कोण धरणार, गुरुजींबरोबरची माणसं उंच असतील तर मला स्टूल लागेल. आणि म्हणाले, "तदेव लग्नं सुरू झालं की मी कुणाचंच ऐकत नाही. त्या वेळी मला कुणी बोलावू नका."

मंगलाष्टका किती म्हणायच्या हे हौशी काकू-आत्यांवर असतं. प्रत्येक कडव्यानंतर 'सावधान' येतं, अक्षता पडतात, आणि नवखा माणूस प्रत्येक वेळी आता पाट दूर होणार म्हणून धावतो. शेवट 'तदेव लग्नं सुदिनं तदेव' ने होतो हे ज्याला माहीत आहे तो तोवर शांत उभा राहतो. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला लग्न यायला पाहिजे, कॅमेरा तर यायलाच पाहिजे. ते बाहेर चहाचे पैसे द्यायला गेले तेव्हाच मी बहिणीला मेसेज केला.

त्यांचा आकडा 95 हजार होता. त्यात ड्रोन आणि प्री-वेडिंग शूटही धरलेलं. दोन्ही आम्ही काढून टाकलं. लग्न हॉलमध्ये, ड्रोन उडवणार कुठे? शिवाय 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमच्या वरचं यंत्र धंद्यासाठी उडवायचं तर उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. ते आहे का, असं ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांनी विषय बदलला. यांनी सरळ सांगितलं, "माझ्याकडं नाही, दुसऱ्याला बोलवावं लागेल." प्री-वेडिंगमध्ये बहिणीला आणि जावईबापूंना, दोघांनाही रस नव्हता.

वाचलेल्या पैशांत आम्ही आणखी एक कॅन्डिड फोटोग्राफर घेतला. नवरी अंतरपाटाच्या एका बाजूला, नवरदेव दुसऱ्या बाजूला. एक माणूस कितीही चपळ असला तरी पाट दूर होताना दोघांचे चेहरे त्याला मिळत नाहीत. दोन बाजूंना दोघे उभे राहिले तरच दोन्ही चेहरे येतात. आमच्या सगळ्या खर्चात हा सर्वांत सार्थकी लागलेला खर्च.

कागद करायचा म्हटल्यावर ते थोडे बिचकले, कारण गावात हे तोंडी चालतं. बाबांचाही सूर होता की ओळखीतले आहेत, कशाला. पण मी त्यांच्याच लेटरहेडवर एक पानभर लिहून काढलं. येणाऱ्या सगळ्यांची नावं, दोन्ही दिवसांच्या वेळा, सगळे फोटो कधी मिळणार, अल्बमची शीट किती, रक्कम कोणत्या टप्प्यात. बयाणा 25 हजार, लग्नाच्या दिवशी 50 आणि उरलेले अल्बम हातात आल्यावर. आजारपण आलं तर बदली कोण, त्याचंही नाव आणि त्याचं काम आधी दाखवायचं. दोन कार्ड बसणारे कॅमेरे वापरायचे आणि दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो उतरवायचे, अल्बम मंजूर होईपर्यंत सगळा डेटा दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवायचा. त्यांच्याकडे हे सगळं आधीपासून होतंच, फक्त कुणी लिहून घेतलं नव्हतं.

हक्कांबद्दल मात्र जरा बोलावं लागलं. इतर स्टुडिओंच्या छापील अटींत मी वाचलं होतं की सर्व फोटोंचे हक्क स्टुडिओकडे राहतील आणि जाहिरातीसाठी ते कुठेही वापरता येतील. आपल्याकडच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 सांगतं की मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतला तर, वेगळा करार नसेल तर, पहिला मालक तो फोटो काढून घेणाराच. म्हणजे त्या छापील ओळीवर सही केली की आपल्याकडे असलेली गोष्ट आपण देऊन टाकतो. मला हे महत्त्वाचं वाटलं ते हळदीमुळे. घरच्या अंगणात बायका भिजलेल्या असतात, नाचत असतात, पदराचं भान नसतं. ते घरातलं असतं. ते कुणाच्या पेजवर रील होऊन फिरावं असं माझ्या काकूने कधी मान्य केलेलं नाही. आम्ही लिहिलं की ते आम्हाला दाखवून, बहिणीची परवानगी घेऊन निवडक फोटो वापरू शकतात, हळदीचे आणि लहान मुलांचे अजिबात नाही. ते लगेच हो म्हणाले. धंद्यासाठी त्यांनाही फोटो लागतात, तेव्हा सरसकट नाही म्हणणं मला योग्य वाटलं नसतं.

लग्नाच्या आधी ते मुहूर्ताच्याच वेळी कार्यालयात येऊन गेले. स्टेजवर एका टोकाला उभे राहून मोबाइलवर माझा फोटो काढला आणि दाखवला. माझं नाक गुलाबी, कपाळ निळं. डेकोरेशनवाल्याने 'पार' म्हणतात ते रंगीत लाइट लावले होते, मागे एलईडी वॉल, म्हणजे भिंतीएवढी स्क्रीन. ती स्क्रीन सुरू असली की फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात, शिवाय मागे एवढा उजेड असला की पुढचे चेहरे अंधारात जातात. त्यांनी, मी आणि डेकोरेशनवाल्या काकांनी तिथेच ठरवलं: मंगलाष्टकांपासून सप्तपदीपर्यंत रंगीत लाइट बंद, समोरून साधा पिवळसर पांढरा उजेड, वॉल बंद करून त्यावर झेंडूच्या माळांचा पडदा. काकांना आधी वाईट वाटलं, भाडं दिलेलं सामान बंद कशाला. रिसेप्शनला सगळं सुरू राहील म्हटल्यावर तयार झाले. हे बोलणं आधी झालं नसतं तर कितीही भारी कॅमेरा असता तरी माझी बहीण लग्नात जांभळी दिसली असती.

प्रत्यक्ष लग्नाबद्दल फार सांगत नाही, ते सगळ्यांचं सारखंच धावपळीचं असतं. दोन गोष्टी उपयोगी पडल्या. चुलतभावाकडे यादी दिली होती, कोणाकोणाचे एकत्र फोटो हवेत त्याची, आणि तो दिवसभर ट्रॅडिशनलवाल्या दादांच्या शेजारी उभा होता. फोटोग्राफरला आमची थोरली आत्या कोण हे कसं कळणार? आणि फोटोग्राफर-व्हिडिओवाल्यांचं जेवण मुहूर्ताच्या आधी वेगळं वाढून घेतलं. बहुतेक लग्नांत ही मुलं शेवटच्या पंगतीला, सगळं संपत आलं की बसतात, सकाळी सहापासून उभी असतात. उपाशी माणसाकडून पाठवणीचे फोटो चांगले यावेत अशी अपेक्षा करू नये, आणि आपल्या घरच्या कार्यात कुणी उपाशी असू नये हेही आहेच.

तदेव लग्नं सुरू झालं तसे ते खरंच स्टुलावर चढले. दुसरा मुलगा नवरदेवाच्या मामांच्या खांद्यामागे. पांढऱ्या अंतरपाटामुळे कॅमेऱ्याची उजेडाची गणितं चुकतात आणि अक्षतांचे दाणे मध्ये आले की फोकस चेहऱ्याऐवजी दाण्यावर बसतो, म्हणून सगळं हाताने लावून ठेवलेलं, हे त्यांनी नंतर सांगितलं. पाट दूर झाला तेव्हाचे बहिणीचे सहा-सात फोटो सलग आहेत. त्यातल्या एकात तिने डोळे वर केलेत आणि एक लाल तांदूळ तिच्या भुवईला चिकटलाय. त्याच क्षणी पलीकडून काढलेल्या फोटोत जावईबापू इतके घाबरलेले दिसतात की त्यांच्या आईने तो फोटो मोठा करून मागितला.

सगळे फोटो तीन आठवड्यांत मिळाले. अल्बमला मात्र उशीर झाला आणि तो आमच्याकडून, कारण चाळीस शीटसाठी दोनशेच्या आत फोटो निवडायचे म्हणजे दोन्ही घरांचं एकमत. हे काम आईने हातात घेतलं तेव्हाच पुढे सरकलं. डिझाइन तपासताना तीन गोष्टी सुधारून घेतल्या. शीट 12 बाय 36 इंचांची असते, मधोमध घडी पडते, आणि एका पानावर ती घडी बाबांच्या चेहऱ्यातून जात होती. काही पानांवर इंग्रजीत प्रेमाची वाक्यं घातली होती, ती काढायला लावली. आणि डिझाइन बाहेर दुसरीकडे करायला दिलं होतं, त्या मुलाने सवयीने सगळ्या पानांवर बहिणीचा चेहरा उजळून ठेवला होता. फोटोग्राफरना फोन केला तर ते माझ्याआधीच चिडले होते. सगळी पानं मूळ फोटो लावून परत करून आणली, त्याचे पैसे घेतले नाहीत. उरलेली रक्कम मी त्या दिवशी दुकानात जाऊन दिली.

अल्बमच्या दोन प्रती केल्या, एक आमच्याकडे, एक तिच्या सासरी. बाकी सगळे फोटो पेन ड्राइव्हवर घालून मामा-काकांच्या घरी पोहोचवले. मावसआजीकडे साधा फोन आहे, तिला पेन ड्राइव्हचा काय उपयोग. तिचा स्टेजवरचा फोटो 8 बाय 12 मध्ये छापून, लॅमिनेट करून एसटीतून ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला. परवा तिचा फोन आला होता, नातवाच्या लग्नाला हाच पोरगा पाहिजे म्हणते. वैशाखातली तारीख आहे, मी नंबर दिलाय आणि आजच बयाणा द्यायला सांगितलंय.